कोण कुठल्या पानावर रडलं

 

आम्ही दोघी पाथर्डी तालुक्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. या कार्यक्रमात आजवर आम्ही बोललो ते शेळीपालनावर, पापड-शेवयांच्या पॅकिंगवर, नाहीतर बँकेच्या कर्जाच्या कागदपत्रांवर. आजचा विषय वेगळा आहे. गेली दोन वर्षं आमच्या एका गटात हिशेब झाला की कादंबरी वाचली जाते. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या वाचनात कोण कुठं रडलं, कोण रडलं नाही, आणि पुढं काय झालं, ते आज सांगायचं आहे. ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत त्यांना विचारूनच बोलतोय. नावं मात्र घेणार नाही.

एक कबुली आधी देतो. आम्ही दोघी बी.ए. झालेल्या आहोत. कॉलेजात मराठीच्या पेपराला कादंबरी असायची, ती आम्ही गाईडमधून वाचली. नायिकेची व्यक्तिरेखा लिहा म्हटलं की दीड पान लिहायचो आणि दहापैकी सहा-सात गुण मिळवायचो. डोळ्यांत पाणी आल्याचं काही आठवत नाही. तेव्हा पुस्तकांच्या जाणकार म्हणून आम्ही इथं बसलेलो नाही.

वाचनाची सुरुवातही ठरवून झाली नाही. पावसाळ्यातला गुरुवार होता. चौदा जणींचा गट समाजमंदिरात बसला होता. बचत जमा झाली, पण बँकेत गेलेल्या सचिवताईंची एसटी चुकली आणि पासबुकासाठी सगळ्या खोळंबल्या. एकीची सातवीतली मुलगी सोबत आली होती. तिच्या दप्तरात शाळेतून आणलेलं 'श्यामची आई' होतं. "वाच गं काहीतरी, तेवढाच वेळ जाईल," असं कुणीतरी म्हणालं आणि ती वाचायला लागली.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. त्यात धडे नाहीत, रात्री आहेत. एकूण 42 रात्री. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम आपल्या सोबत्यांना रोज आईची एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. म्हणजे पुस्तकच मुळी ऐकण्यासाठी आहे. सचिवताई पासबुक घेऊन आल्या तरी कुणी उठेना. मग ठरलं, दर गुरुवारी हिशेब झाल्यावर दोन रात्री वाचायच्या.

आम्हाला वाटलं होतं, शेवटी आई जाते तिथं सगळ्या रडतील. तशा रडल्याच. पण त्याच्या खूप आधी, सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो आणि श्यामच्या आईला नको ते बोलतो, त्या रात्रीला आमच्यातली एक वहिनी उठली. "धारा काढायच्या राहिल्यात," म्हणाली आणि गेली. धारांची वेळ व्हायला अजून तासभर होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती बोलली. तीन फायनान्सचे हप्ते चालू होते. एकाचा वार मंगळवार, दुसऱ्याचा बुधवार, तिसऱ्याचा शनिवार. हप्ता चुकला की वसुलीवाला ओट्यावर बसून राहायचा, शेजारीपाजारी बघायचे. नवऱ्याला एकाच कर्जाची माहिती होती. गळ्यात नुसते काळे मणी होते. मंगळसूत्राच्या वाट्या गहाण पडल्या होत्या. दर आठवड्याला आम्ही चौदा जणी तिच्या मांडीला मांडी लावून बसत होतो. गटाचा तिचा एकही हप्ता चुकला नव्हता. आमच्या वहीत तिच्या नावापुढं सगळं बरोबर होतं, म्हणून आम्ही तिच्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

गटानं तिला अंतर्गत कर्ज दिलं आणि मंगळवारचं आणि बुधवारचं खातं बंद केलं. शनिवारचं अजून चालू आहे. ते काही पुस्तकानं फेडलं नाही. पण श्यामच्या आईच्या अंगणात तो माणूस आला नसता, तर आमच्या वहिनीच्या ओट्यावरचा माणूस आम्हाला दिसला नसता.

गावात चेष्टा झालीच. "रडायचेसुद्धा पैसे भरता का गं गटात?" असं एका सासूबाईंनी विचारलं. एकीच्या मालकांचं म्हणणं होतं, रडायचंच तर टीव्हीवर मालिका लागतात की. यावर आम्हीही विचार केला. मालिका आम्ही सगळ्याच बघतो, तिथंही रडतो. फरक एवढाच वाटतो की मालिकेत रडायची वेळ झाली की संगीत वाजतं, चेहरा जवळून दाखवतात, आणि सगळ्या एकाच वेळी डोळ्याला पदर लावतात. पुस्तकात संगीत नसतं. जिचं जे दुखणं असेल तिथं ती थांबते. चौदा जणी एकच पान ऐकतात, पण प्रत्येकीला रडू वेगळ्या ओळीला येतं.

दुसरं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयातून आणलं. हरि नारायण आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊंनी 1890 साली 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी थोडी थोडी करून छापली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. लिहिणारा पुरुष, पण गोष्ट सगळी यमू नावाची बाई स्वतः सांगते. लहानपण, आई, लग्न, सासर, नवऱ्यानं शिकवलेलं लिहिणं-वाचणं, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, आणि मग नवऱ्याचं जाणं.

खरं सांगायचं तर पहिले तीन गुरुवार जड गेले. सव्वाशे वर्षांहून जुनी पुण्याची भाषा, लांबलचक वाक्यं. दोघी-तिघी भिंतीला टेकून झोपल्या. मग वाचणारीनं युक्ती केली. पान वाचायचं, पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि तेच आपल्या बोलीत सांगायचं. तेव्हा कुठं यमू आमच्यात येऊन बसली. तिच्या सासरची माणसं, टोमणे, माहेरी जायला मिळेल की नाही ही धाकधूक, हे काही समजावून सांगावं लागलं नाही. यमूचा नवरा तिला शिकवतो ते ऐकून आमची सर्वांत धाकटी म्हणाली, "माझ्या मालकानं एटीएमचा नंबर शिकवला तरी पुष्कळ झालं." त्या दिवशी वाचण्यापेक्षा हसणंच जास्त झालं.

दसरा आला आणि पुस्तक निम्म्यावर होतं. आपल्या भागातल्या बायांना सांगायला नको, दसऱ्यानंतर काय होतं ते. आमच्या चौदातल्या पाच जणी कोयत्यावर गेल्या. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, थांबता येत नाही. ट्रॅक्टरमध्ये भांडी-कुंडी भरताना त्यातली एक म्हणाली, "आम्ही येईपर्यंत यमूला तिथंच थांबवा." पण बाकीच्या नऊ जणींना धीर कुठला? मग सातवीतल्या त्या मुलीनं, आता ती आठवीत गेली होती, वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. ते व्हॉट्सअॅपवरून फडावर जायचं. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून झाली की रात्री कोपीत बसून त्या ऐकायच्या.

एका रात्री त्यातल्या एकीला हुंदका आवरेना. शेजारी झोपलेला नवरा दचकून उठला. "गावाकडं कोण गेलं?" "यमूचा नवरा गेला." "कोण यमू?" बिचारा अर्धा तास आठवत बसला, आपल्या भावकीत यमू कोण आहे म्हणून. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही इतक्या हसलो. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अगं, दिवसभर हात चालत असतो, कशाचंच काही वाटत नाही. रात्री यमूसाठी रडले तर अंग हलकं झालं." हे तिचं वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी आम्ही शेवटाला आलो. यमू विधवा होते, आणि तिची इच्छा नसताना, कपट करून, बळजबरीनं तिचे केस काढले जातात. वाचणारीचा आवाज दोनदा अडला. नऊपैकी आठ जणींनी डोळे पुसले. मग कुणीतरी म्हणालं, "हे ब्राह्मणाघरचं. आपल्यात कुठं होतं असलं?" सगळ्यांनी माना हलवल्या. एका परीनं बरं वाटलं, की हे दुःख आपलं नाही.

जिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं ती नववी बाई तेव्हा बोलली. चौतिशीची आहे. तिचे मालक चार वर्षांपूर्वी अपघातात गेले.

"माझे केस नाही काढले कुणी," ती म्हणाली. "पण बांगड्या फोडताना काच मनगटात गेली होती. आठ दिवस सलत होती. सांगणार कुणाला? माणूस गेलंय अन् हिला काचेचं पडलंय, म्हणाले असते."

तिनं हात पुढं केला. मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक पांढरी खूण होती.

"फोडणाऱ्या दोघी इथंच बसल्यात," ती पुढं म्हणाली. "मी राग धरला नाही. त्यांनासुद्धा कुणीतरी पुढं ढकललं होतं."

मैत्रिणींनो, त्या दिवशी त्या अंगणात आम्हीही होतो. बांगड्या फुटल्याचा आवाज आम्ही ऐकला होता. दोन आठवड्यांनी आम्ही तिच्याकडं परत गेलो, ते जीवनज्योती विम्याचे कागद आहेत का हे विचारायला. ते काम गरजेचंच होतं. मुदतीत कागद गेले, पैसेही मिळाले, आणि आम्हाला वाटलं आपण तिच्यासाठी सगळं केलं. तिच्या मनगटाकडं आम्ही पाहिलं नाही. कादंबरीचं नाव 'पण लक्षात कोण घेतो' असं का आहे, ते बी.ए.च्या पेपरात आम्ही लिहिलं असेल. उत्तर त्या गुरुवारी कळलं.

आणि असं नाही की आम्हाला माहिती नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करायला सांगितलं. ते परिपत्रक आम्ही बैठकीत वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी "चांगलं आहे" म्हटलं आणि आम्ही पुढचा विषय घेतला. त्या दिवशी ती तिथंच बसली होती. परिपत्रकात तिला बोलायला जागा सापडली नाही, यमूच्या गोष्टीत सापडली.

त्या दोघींपैकी थोरल्या काकू उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. माफी वगैरे शब्द काही आले नाहीत. तिचा हात आपल्या हातात घेऊन बसून राहिल्या. त्या दिवशी प्रार्थना न म्हणताच बैठक संपली.

पुढं संक्रांत होती. आमच्या चौदा जणींत तीन विधवा आहेत. दरवर्षी गटाच्या हळदी-कुंकवाला सकाळी त्या तिघी यायच्या, समाजमंदिर झाडायच्या, सतरंज्या घालायच्या, आणि "शेतात काम आहे" म्हणून निघून जायच्या. इतकी वर्षं आम्ही ते खरं मानलं. या वेळी थोरल्या काकूंनीच विषय काढला. कार्यक्रमाला तिळगुळाचा कार्यक्रम म्हणायचं आणि वाण सगळ्यांना द्यायचं, असं ठरलं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. गावातल्या दोघी-तिघी दारातूनच परत गेल्या. तिघींतल्या सर्वांत मोठ्या आजी आल्या, पण कुंकवाचा करंडा पुढं केल्यावर त्यांनी हात आडवा धरला. म्हणाल्या, "तिळगूळ दे, वाण दे, कुंकू नको. चाळीस वर्षं कपाळ मोकळं आहे. बळंच लावाल तर तेही बांगड्या फोडल्यासारखंच होईल." त्यांचं बरोबर होतं. आम्ही उत्साहाच्या भरात तीच चूक उलट्या बाजूनं करणार होतो. चौतिशीच्या आमच्या मैत्रिणीनं मात्र लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी बोलणी खाल्ली. आता ती गुरुवारी गटात येताना छोटी टिकली लावते आणि जाताना काढते. कधीतरी काढणार नाही, असं ती म्हणते. ते कधी, हे तिचं तिनं ठरवायचं.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल थोडंच सांगतो. सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. विदर्भातल्या शेतकरी घराची कादंबरी, 2004 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नापिकी, कर्ज, शिकून बेकार बसलेला मुलगा. आमच्याच घरातलं सगळं. म्हणून मोठ्या हौसेनं घेतलं. चौथ्या गुरुवारी एक जाऊबाई म्हणाल्या, "हे बंद करा. मला ऐकवत नाही." त्यांच्या दिरानं कर्जापायी जीव दिला, त्याला फार वर्षं झाली नाहीत. आम्ही पुस्तक बंद केलं. कुणी का विचारलं नाही, कुणी "ऐका हो, मन मोकळं होईल" असंही म्हणालं नाही. रडल्यानं हलकं होतं हे खरं, पण प्रत्येक दुखण्याला आणि प्रत्येक वेळी नाही. ते पुस्तक गटाच्या पेटीत आहे. खूण जिथं घातली होती तिथंच आहे.

तुमच्या गटात असं वाचन करायचं असेल तर आमच्या अनुभवातून दोन-चार गोष्टी सांगतो. हिशेब आधी, पुस्तक नंतर. बचत, कर्ज, परतफेड आणि वही पूर्ण झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, नाहीतर दोन्ही बिघडतं. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. वाचणारी शाळकरी मुलगी असली तर उत्तम, तिचंही वाचन सुधारतं. अवघड भाषा असेल तर थांबून आपल्या बोलीत सांगावं. वाचून झाल्यावर "तुम्हाला काय वाटलं?" असं एकेकीला उभं करून विचारू नये, ती काही परीक्षा नाही. गप्प बसणारीला गप्प बसू द्यावं. पण समन्वयकानं आणि अध्यक्षांनी एवढं लक्ष ठेवावं, की कोण कुठल्या पानावर गप्प झालं, कोण मध्येच उठून गेलं. दोन दिवसांनी तिच्या घरी सहज चहाला जावं. बैठकीत कुणी काही बोललं तर ते पारावर, नळावर जाता कामा नये. आणि एखादी "बंद करा" म्हणाली तर बंद.

पुस्तक कुठून आणायचं, हाही प्रश्न येतो. शाळेच्या कपाटात असतात, तालुक्याच्या वाचनालयात असतात. नगर शहरातलं जिल्हा वाचनालय तर 1838 सालापासून आहे. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ आपल्या जिल्ह्यात पुस्तकं आहेत, ती गुरुवारच्या आमच्या सतरंजीवर यायलाच उशीर झाला. एका गटाला एक प्रत पुरते. वर्गणी भरणं जड वाटत असेल तर पाच गटांनी मिळून एक खातं काढावं.

सध्या आमच्याकडं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' चालू आहे. ही कादंबरी नाही, त्यांचं स्वतःचं आयुष्य आहे. 1934 पासून ते भागाभागानं छापलं गेलं. लक्ष्मीबाईंच्या संसाराची बरीच वर्षं आपल्या नगरात गेली, म्हणून घेतलं. रडू येईल म्हणून पदर सावरून बसलो होतो, तर हसूनच पुरेवाट होतेय. जाऊबाईसुद्धा परत यायला लागल्या आहेत. ऊसतोडीच्या पाची जणी घरी आल्या आहेत, आणि त्यांची एकच तक्रार आहे, की यमूचा शेवट त्यांना मोबाइलवर ऐकावा लागला. तो सगळ्यांनी एकत्र बसून पुन्हा वाचायचा, असा त्यांचा हट्ट आहे. या गुरुवारी तोच कार्यक्रम आहे.

तुमच्या गावात कुणी असं वाचत असेल तर रेडिओ केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी आम्हाला तुमचं ऐकायचं आहे. तोवर रामराम.